नळदुर्ग : पडक्या गावात कसे शिरावे?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे धाडले, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. चालक असे उदार झाले की वक्ता अडचणीत येतो, हे आपणांस ठाऊक आहेच. आमच्या आधी याच व्यासपीठावरून कोणी आपणांस युरोप दाखविला, कोणी हिमालयात नेले. आम्ही मात्र आपणांस फार दूर नेणार नाही. सकाळी धाराशिवहून एस.टी.त बसावे, तुळजापूर मागे टाकावे आणि दुपारच्या आत जेथे उतरावे, एवढ्याच अंतरावरचे गाव आम्ही निवडले आहे. ते गाव म्हणजे नळदुर्ग.

आपल्यापैकी पुष्कळांनी नळदुर्ग पाहिलेले आहे, हे आम्ही जाणून आहोत. कोणी सहलीत पाहिले असेल, कोणी हैदराबादेस जाताना गाडीच्या खिडकीतून. तेव्हा जे आपण पाहिले आहे तेच पुन्हा वर्णन करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला निराळाच प्रश्न पडला, आणि तो आपल्यापुढे मांडावा म्हणून आम्ही उभे आहोत. पडक्या गावात माणसाने शिरावे कसे? वरवर पाहता हा प्रश्न पोरकट वाटेल. पण तो आम्हांला ज्या रीतीने पडला, ती हकिगत ऐकल्यावर आपणही तो तसा म्हणणार नाही, अशी आशा आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, गणपती उठल्यावर चार दिवसांनी, आम्ही तिघे निघालो. एक आम्ही स्वतः, एक आमचे स्नेही जे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि आता निवृत्त आहेत, आणि तिसऱ्या त्यांच्या भगिनी, ज्यांनी आयुष्यभर प्राथमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकविला. बोरी धरण भरून वाहू लागले आहे, नर-मादी सुरू झाल्या आहेत, अशी बातमी आली होती. नर-मादीचे पाणी पाहावयाचे तर असा मुहूर्त साधावा लागतो. पाऊस हुकला की वर्ष हुकले. आपल्या भागात तर अशी वर्षामागून वर्षे हुकतात.

वाटेत तुळजापूरला उतरून आईचे दर्शन घेतले. तेथे एक गोष्ट आमच्या प्रथमच ध्यानात आली. तुळजापूर डोंगरावर आहे म्हणून आपण सांगतो, सोलापूरकडून येणाऱ्यास घाट चढूनच यावे लागते. परंतु एवढे चढून वर आल्यावर महाद्वारातून आपण पुन्हा पायऱ्या उतरू लागतो. देवी उंचावर बसलेली नाही, ती डोंगराच्या कुशीत, उतारावर आहे. चढावे आणि मग उतरावे, तेव्हा दर्शन. आमच्या भगिनी म्हणाल्या, “ही रीत लक्षात ठेवा. नळदुर्गलाही हेच करायचे आहे.” त्यांचे म्हणणे पुढे कसे खरे ठरले, ते सांगतोच.

नळदुर्गचा किल्ला नेहमीच्या डोंगरी किल्ल्यासारखा नाही. सह्याद्रीतले किल्ले दुरून दिसतात आणि माणसाला धाप लावतात. येथे सोलापूर रस्त्याने आलात तर सपाट पठारावरून थेट वेशीपाशी येता आणि किल्ला कोठे आहे म्हणून विचारू लागता. मग नदीच्या अंगास गेले की पायाखालची जमीन एकदम तुटते आणि बोरी नदीची घळ समोर येते. पठाराचा एक सुळका या घळीत पुढे घुसलेला आहे. तीन बाजूंना काळ्या खडकाचे सरळ कडे, त्यांच्या पायथ्याशी नदी, आणि चौथ्या बाजूस जेथे हा सुळका पठाराला जोडला आहे तेथे खडक फोडून काढलेला खंदक. म्हणून ज्याला नळदुर्ग समजावयाचा असेल त्याने आधी खाली नदीकडे उतरावे आणि तेथून मान वर करून पाहावे. कड्याचा खडक कोठे संपतो आणि माणसाने रचलेला तट कोठे सुरू होतो, हे चटकन कळत नाही. दोन्हीचा दगड एकच आहे. ओव्हरसियरसाहेब म्हणाले, “माल जागेवरचाच. वाहतुकीचा खर्च शून्य!” निवृत्त झाला तरी माणूस अंदाजपत्रक विसरत नाही.

नाव नळराजावरून पडले, अशी परंपरा आहे. द्यूतात राज्य हरलेला, अर्ध्या वस्त्रानिशी रानोमाळ हिंडलेला आणि शेवटी परक्याच्या पागेत सारथी होऊन राहिलेला हा राजा. या किल्ल्याशी त्याचा संबंध इतिहासाने दाखविता येणार नाही. पण लोकांनी नाव मोठे शहाणपणाने निवडले आहे. कारण हे गावही एकदा नव्हे, अनेकदा राज्य हरलेले आहे.

कल्याणीच्या चालुक्यांपासून बहामनींपर्यंतचा काळ आम्ही भरभर ओलांडतो. बहामनी राज्य फुटले आणि हा मुलूख विजापूरच्या आदिलशहाकडे आला. इ. स. १५५८ च्या सुमारास अली आदिलशहाने तटबंदी वाढवून मजबूत केली. पुढे इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या काळी, १६१३ मध्ये, मीर इमादीन नावाच्या कारागिराने धरणाच्या पोटात पाणीमहाल बांधला. १६८६ मध्ये विजापूर औरंगजेबाच्या हाती गेले, आणि त्यानंतर काही काळाने हा मुलूख निजामाचा झाला. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला हा भाग इंग्रजांच्या हवाली केला. १८६० मध्ये इंग्रजांनी आपला भाग आणि रायचूर निजामास परत दिले. एवढी राज्ये बदलली, पण जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गच राहिले. आपण आज ज्याला धाराशिव जिल्हा म्हणतो, तो त्या काळी नळदुर्ग जिल्हा होता. १९०४ मध्ये ठाणे नळदुर्गहून धाराशिवला हलले. मग धाराशिवचे उस्मानाबाद झाले, आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे पुन्हा धाराशिव झाले. आपल्या गावाचे जुने नाव परत आले, याचा आपणांस आनंद आहे. तो आम्हांसही आहे. परंतु ज्या गावाचे नाव अख्ख्या जिल्ह्याला होते आणि ज्याची कचेरी आपण उचलून आणली, त्या गावाची आठवण आपल्याला कितीशी आहे? धाराशिवकरांवर नळदुर्गचे हे एक देणे आहे, असे आम्हांला वाटते.

आता दरवाजातून आत जाऊ. आत शिरल्यावर नवख्या माणसाची पहिली भावना निराशेची असते. त्याला वाटलेले असते की महाल असतील, दालने असतील. दिसतात ते दगडांचे ढीग, जोती, अर्ध्या भिंती आणि मधूनमधून एखादी उभी कमान. बारादरी आहे, अंबरखाना आहे, मशीद आहे, मुन्सफ कोर्टाची म्हणून दाखविली जाणारी इमारत आहे. परंतु या नावे असलेल्या इमारतींच्या दरम्यान जी बिननावाची जागा आहे, तीच किल्ल्यात सर्वांत मोठी आहे.

१८५३ मध्ये इंग्रजांचा अधिकारी म्हणून कर्नल मेडोज टेलर येथे आला. हा मूळचा लिव्हरपूलचा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या नोकरीत वाढला. ठगांवरील त्याच्या कादंबरीमुळे १८३९ पासून त्याचे नाव विलायतेत गाजत होते. पुढे १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या कादंबरीत तर त्याने तुळजापूरचाच परिसर घेतला. नळदुर्गला तो १८५७ पर्यंत होता. आपल्या आत्मचरित्रात त्याने या किल्ल्याचे जे वर्णन केले आहे त्यातली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. तो लिहितो की तट आणि बुरूज चांगल्या स्थितीत आहेत, पण आतली जवळजवळ सगळी जागा पडक्या भिंतींनी भरलेली आहे, आणि त्या भिंतींवरून दिसते की येथे एक नगर आखलेले होते आणि मधून एक रुंद रस्ता गेलेला होता.

म्हणजे आपण आज जे पाहतो ते पावणेदोनशे वर्षांपूर्वीही असेच होते. तट शाबूत आणि गाव पडलेले! शत्रूने गाव पाडले असते तर आधी तट पाडला असता. हे गाव तोफेने पडलेले नाही, ते रिकामे होऊन पडले. किल्ल्यात शिबंदी असते तोवर आत बाजार असतो. वाणी, तेली, लोहार, चांभार, भिस्ती, सारे शिबंदीच्या पगारावर जगतात. विजापूरची गादी गेली, सीमा सरकल्या, या किल्ल्यावर मोठी फौज ठेवण्याचे कारण उरले नाही. शिबंदी उठली की बाजार उठतो, आणि बाजार उठला की चुली विझतात. मग घराची तुळई कोणी काढून नेतो, दाराची चौकट कोणी नेतो, आणि उघडे पडलेले घर दोन पावसाळ्यांत जमिनीला टेकते. इतिहासाच्या पुस्तकात लढाईची तारीख असते. असे हळूहळू उठून गेलेल्या गावाची तारीख कोठेच नसते.

त्या जुन्या रस्त्याच्या तोंडाशी आम्हांला एक वृद्ध गृहस्थ भेटले. डोक्याला पटका, हातात काठी, बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू. लोहाऱ्याकडचे शेतकरी होते. नातवाने धबधबा पाहण्याचा हट्ट धरला म्हणून आले होते. आम्ही जोत्यांकडे वळलो तसा पोरगाही आमच्यामागे धावला. बाबा मात्र जागचे हलेनात. “चला की बाबा,” आम्ही म्हणालो. त्यांनी काठी जमिनीला टेकली आणि एका दगडावर बसले.

“तुमी जावा बघून. म्या हितंच बसतो. पडल्याल्या घरात उगं हिंडू नये.”

आम्हांला वाटले, जुनी समजूत असेल. भुताखेताची भीती असेल. पण आमच्या भगिनींना शहाणपण अधिक. त्यांनी विचारले, “बाबा, तुमचे गाव कोणते?” त्यांनी सांगितले. ते नाव ऐकल्यावर आम्ही तिघेही गप्प झालो.

श्रोतेहो, ज्यांचे वय चाळिशीच्या पुढे आहे त्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावी लागत नाही. तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते. माणसे दमून-भागून उशिरा निजली होती. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हादरली. आपण त्याला किल्लारीचा भूकंप म्हणतो, पण तो एकट्या किल्लारीचा नव्हता. आपल्या जिल्ह्यातील सास्तूर, होळी, पेठसांगवी अशी गावेही त्यात गेली. दोन्ही जिल्हे मिळून आठ-दहा हजार माणसे दगावली. बावन्न गावे मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसवावी लागली. जुन्या जागा तशाच राहिल्या.

बाबा म्हणाले, “आमचं जुनं गाव बी असंच दिसायचं बघा. भिती, जोती, मधी वाट. आता बाभळी आल्यात. लोकं म्हणत्यात, फोटू काढाया येत्यात कुणी कुणी. त्यास्नी काय म्हाईत, कुठल्या भितीखाली कोण हुतं?”

यावर आम्ही काय बोलणार? ओव्हरसियरसाहेब खाली बसले. त्यांनी १९९३ नंतर त्या भागात काम केले होते. दोघे बराच वेळ बोलत राहिले, आणि त्यांच्या बोलण्यातून आम्हांला जे कळले ते येथे सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते. नातवाने सरळ प्रश्न विचारला, “आज्या, ह्यो तट पडला नाही, मग आपलं घर कसं पडलं?” दगड तोच, प्रांत तोच. मुलाने विचारले ते बरोबरच होते.

ओव्हरसियरसाहेबांनी त्याला दोन दगड हातात देऊन समजावले. आपल्याकडच्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. पाहणाराला वाटे, केवढी भक्कम! पण ती एक भिंत नसे. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मधे खडी-मातीची भर. दोन थरांना बांधून धरणारा आरपार दगड क्वचितच असे, आणि सांध्यात चुन्याऐवजी माती. शिवाय डोक्यावर माळवद. दर वर्षी पावसाच्या आधी गळती होऊ नये म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. आज्याने दिला, बापाने दिला, लेकाने दिला. थर चढत गेले, ओझे वाढत गेले. जमीन हादरली तेव्हा भिंतीचे दोन थर दोन दिशांना फुगून फुटले आणि ते ओझे निजलेल्या माणसांवर आले. पुढे दुरुस्तीच्या कामात जी शिकवण दिली गेली तिचा मुख्य भाग एवढाच होता : भिंतीत आरपार दगड घाला, आणि छपराचे ओझे उतरवा.

“तटाचे काय?” मुलाने विचारले. “तटाला माळवद नाही,” ओव्हरसियर म्हणाले. “आणि तट बांधणाराला खर्चाची फिकीर नव्हती. घडीव चिरे, चुना, हवी तेवढी माणसे. तुझ्या आज्याला घर बांधायला हाताशी माती होती, तीच त्याने वापरली. चूक त्याची नव्हती.”

हे शेवटचे वाक्य त्यांनी मुलाकडे पाहून म्हटले, पण ते कोणासाठी होते हे आम्हांला समजले. बाबांनी पटक्याच्या शेवाने तोंड पुसले. थोड्या वेळाने ते उठले आणि म्हणाले, “चला, पाणी तरी बघू.”

मग आम्ही पाचजण मिळून धरणाकडे निघालो. बोरी नदीवर, किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांना जोडणारे हे दगडी धरण आहे. धरणाच्या माथ्यावरून चालत जावे, आणि मग भिंतीत एक दार लागते. दारातून अरुंद, चढ्या पायऱ्या उतरल्या की आपण धरणाच्या पोटात येतो. तेथे पाणीमहालाची दालने आहेत. समोर कमानदार खिडक्या आणि त्यांच्या पलीकडे पाण्याचा पडदा! एका अंगाला नर, दुसऱ्या अंगाला मादी, अशा दोन मोठ्या सांडव्यांवाटे नदी उडी घेते. वर नदी, समोर नदी, खाली नदी, आणि मधे माणूस कोरडा उभा. अंगावर तुषार येतात तेवढेच. तुळजापूरला आमच्या भगिनींनी सांगितले होते ते येथे पटले. चढून यावे आणि मग उतरावे, तेव्हा दर्शन होते.

पाणीमहालाला कोणी विलासाची जागा म्हणतात. असेलही. बादशहाने उन्हाळ्याच्या तापातून सुटका म्हणून ती बांधविली असेल. पण एक लक्षात घ्या. महाल धरणाच्या पोटात आहे. म्हणजे आधी धरण आहे, मग महाल. किल्ल्याला पाणी हवे, खंदकाचे रक्षण जसे हवे तसेच पाण्याचेही हवे. आपला मुलूख अवर्षणाचा. तो आज अवर्षणाचा आहे तसा तेव्हाही होता. चारशे वर्षे होऊन गेली, बोरीला कितीतरी पूर आले; ती भिंत अजून नदीला सामोरी उभी आहे.

येथे एक तुलना मनात येते. उपळ्या बुरुजावर चढून पाहा. पाऊणशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि त्या छाती भरून आणतात. वर मगर तोफ आणि हत्ती तोफ आहेत. तेथून सारा मुलूख तळहातासारखा दिसतो. चौफेर शंभरावर बुरुजांची माळ. हे सारे शत्रूला थोपविण्यासाठी. आणि प्रत्यक्षात काय घडले? १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सेना सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. बोरी नदीवरचा पूल उडविला गेला असता तर सेनेची वाट अडली असती. सेनेने झडप घालून तो पूल साबूत ताब्यात घेतला, शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यावर हल्ला केला, आणि नळदुर्ग त्याच दिवशी पडले. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्त झाला. त्या दिवसाचा आपणां सर्वांना अभिमान आहे. पण इतिहासाचा विनोद पाहा. शतकानुशतके ज्या किल्ल्याचे बुरूज वाढवीत नेले, त्याचे भवितव्य एका पुलावर ठरले! तोफा आज मुले चढण्याच्या उपयोगाच्या आहेत, कचेरी येथे आली, कोर्ट हलले. ज्याच्याकडे आजही काम आहे असे या किल्ल्यात एकच बांधकाम उरले, आणि ते म्हणजे पाणी अडविणारी भिंत.

आता थोडे विलायतेला जाऊ, कारण व्याख्यानात विलायत आली नाही तर वक्त्याचे वाचन कमी, असा श्रोत्यांचा समज होतो! इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात कॉर्फ नावाचे गाव आहे. दोन टेकड्यांच्या खिंडीत एक उंच उंचवटा, त्यावर पडका किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी गाव. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवी युद्धात राजाच्या पक्षाच्या लेडी मेरी बँक्स हिने हा किल्ला लढविला. १६४६ मध्ये फितुरीने किल्ला पडला. पुन्हा कोणी लढवू नये म्हणून पार्लमेंटने तो पाडण्याचा हुकूम केला आणि सुरुंग लावले. बुरूज पूर्ण पडले नाहीत. कलले, आणि कललेले तसेच राहिले. आज माणसे दुरून दुरून ते पाहावयास येतात.

त्या पाडलेल्या किल्ल्याचे दगड गेले कोठे? गावकऱ्यांनी नेले. कॉर्फच्या कितीतरी घरांत ते दगड बसलेले आहेत. आपण नळदुर्गास वा परांड्यास वा आपल्या गावच्या गढीपाशी कोणी दगड उचलताना दिसला की म्हणतो, “आपल्या लोकांना जाणच नाही!” साहेबाच्या गावकऱ्यालाही जाण नव्हती. त्याला घर बांधावयाचे होते. फरक निराळाच आहे. तेथे पुढे एक दिवस असा आला की गावाने म्हटले, आता जे उरले ते जपावयाचे. ज्या बँक्स घराण्याचा तो किल्ला होता त्या घराण्यातील वारसाने तो मृत्युपत्राने राष्ट्राच्या विश्वस्त संस्थेला दिला, आणि १९८२ पासून ती संस्था तो सांभाळते. पडलेले पुन्हा उभे केले नाही. कललेला बुरूज सरळ केला नाही. पडले तेही इतिहासच आहे, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडेही तो दिवस आलेला नाही असे नाही. आपल्या जिल्ह्यातील तेरचेच पाहा. ‘पेरिप्लस’मध्ये ज्या तगर नगरीचे नाव येते ती हीच, हे १९०१ मध्ये फ्लीटसाहेबाने दाखविले. त्या तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा करून ठेवल्या त्या तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. त्यांना ते काम कोणी सांगितले नव्हते. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे. ‘पांढर’ हा आपला शब्द किती अर्थाचा आहे! जेथे पीक घ्यावयाचे ती काळी, जेथे माणसे राहतात ती पांढरी. माणसांच्या राहण्याने, त्यांच्या राखेने, भिंतींच्या मातीने जमिनीचा रंग पालटतो. गाव उठून गेले तरी पांढर सांगत राहते की येथे चूल होती.

आणि म्हणून, श्रोतेहो, आम्ही आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. पडक्या गावात कसे शिरावे? आम्ही त्या दिवशी शिरलो ते प्रेक्षक म्हणून. नळदुर्ग पडून इतका काळ लोटला आहे की तेथे शोक करणारे कोणी उरले नाही, म्हणून आपण मोकळ्या मनाने म्हणतो, वा, काय भव्य अवशेष! पण ती जोतीही कोणाची तरी होती. त्या रुंद रस्त्यावरून कोणी तरी शेवटचे दार ओढून घेऊन निघून गेले होते. लोहाऱ्याच्या बाबांना ते दिसत होते. आम्हांला दिसत नव्हते. त्यांना भुतांची भीती नव्हती. परक्याच्या घरात न विचारता शिरू नये, एवढी साधी रीत ते पाळीत होते. घर पडले म्हणून ही रीत सुटत नाही.

याचा अर्थ जाऊ नये असा नव्हे. जावे, अवश्य जावे. राज्य शासनाने स्मारकांच्या संगोपनासाठी योजना आखली, तिच्याखाली नळदुर्गला डागडुजी झाली, लोकांची ये-जा वाढली, हे चांगलेच झाले. पण जाताना तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. पहिली, कोळशाने वा खिळ्याने भिंतीवर आपले नाव लिहू नये. ज्यांनी ती भिंत बांधली त्या गवंड्यांपैकी एकाचेही नाव तेथे नाही, मग आपले कशाला? दुसरी, मुलांना नेऊन केवळ बुरूज दाखवू नये. जोतीही दाखवावी आणि विचारावे, हे गाव का उठले असेल? उत्तर चुकले तरी चालेल, प्रश्न पडला पाहिजे.

तिसरी गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. उमरगा-लोहारा भागात भूकंपात उठलेल्या गावांच्या जुन्या जागा आहेत. तेथे ज्यांचे बालपण गेले ती माणसे आता साठीला, सत्तरीला आली. कोणती गल्ली कोठून जात होती, मारुती कोठे होता, पार कोणत्या झाडाचा होता, कोणाच्या शेजारी कोणाचे घर, हे त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. आणखी वीस वर्षांनी ते कोठेच नसेल. नळदुर्गच्या आतल्या नगराचे असेच झाले. रस्ता रुंद होता एवढे टेलरसाहेबाने लिहिले. त्या रस्त्यावर कोण राहत होते, हे सांगणारा तेव्हाही कोणी नव्हता. आपल्या शाळांनी, ग्रंथालयांनी, या व्याख्यानमालेसारख्या संस्थांनी एवढे केले तरी पुरे : वही घेऊन त्या वृद्धांपाशी जाऊन बसावे आणि ते सांगतील तसा गावाचा नकाशा काढावा. याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही; लागते ती सवड.

निरोप घेताना आमच्या भगिनींनी तेच केले. पाणीमहालातून वर आल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली आणि बाबांना म्हणाल्या, “तुमचे घर कोठे होते, काढून दाखवता?” बाबा म्हणाले, “मला लिवता येत न्हाई.” मग काठीने त्यांनी धुळीतच रेघ ओढली. ही वेस. हा आड. ही आमची गल्ली. नातू वहीवर उतरवून घेऊ लागला. एक घर, दुसरे घर, तिसरे. सोलापूरची गाडी निघून गेली, आम्ही पुढच्या गाडीसाठी थांबलो. अंधार पडेपर्यंत त्या पोराने सतरा घरे काढली होती आणि बाबा म्हणत होते, “अजून वरली आळी ऱ्हायलीच की.”

ती वही आता त्या नातवापाशी आहे. वरली आळी पुरी झाली की नाही, हे विचारावयास आम्ही येत्या भाद्रपदात जाणार आहोत. आपल्यापैकी कोणी बरोबर आले तर आनंद वाटेल.